पंचेचाळीस मिनिटांचा चढ

ज्या रस्त्यावर आपण स्वतः सायकल चालवली नाही, तो रस्ता दुसऱ्याला सांगायचा नाही, असा ओनोरे काझालचा नियम होता. व्हिलमादच्या सायकल मंडळात नियम करायचं काम त्याच्याकडे आणि ते पाळायचं काम बाकी सगळ्यांकडे. जो माणूस सदतीस वर्षं टपाल कचेरीत शिक्के मारत बसला, त्याला नियमांची खोड लागली तर नवल नाही. पण खोड ती खोडच. एकाहत्तराव्या वर्षीही तो दारातल्या कुंड्यांना पाणी घालायचं ते घड्याळ बघून.

त्याच्या हातून आयुष्यात एक चांगली गोष्ट झाली होती, ती म्हणजे सात पुलांची फेरी. व्हिओर नदी व्हिलमादच्या खाली दरीत शिरते ती पुढे कुठे दिसते, कुठे नुसती ऐकू येते. दोन्ही अंगांना ओकची आणि चेस्टनटची गच्च झाडी, आणि त्या झाडीतून खाली नदीवर उतरून परत वर चढणारे अरुंद रस्ते. ओनोरेनं अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात नकाशावर पेन्सिल धरून त्या रस्त्यांची एकशे चाळीस किलोमीटरची माळ ओवली. नदी सात वेळा ओलांडायची. मंडळाकडून एक जाड कागदाचं कार्ड घ्यायचं, वर्षातल्या कुठल्याही दिवशी निघायचं, वाटेत ठरलेल्या सहा ठिकाणी, म्हणजे कुठे बेकरीत, कुठे कॉफीच्या दुकानात, त्यावर शिक्का मारून घ्यायचा आणि शेजारी दुकानदाराच्या हातानं वेळ लिहून घ्यायची. मग ते कार्ड ओनोरेकडे द्यायचं. तो चष्मा कपाळावरून नाकावर आणून वेळा तपासायचा, सही करायचा, क्रमांक घालायचा, आणि जानेवारीतल्या जेवणाला पितळेचा छोटासा बिल्ला मिळायचा, सात कमानींचा. त्या बिल्ल्यासाठी हॉलंडहून माणसं येत. तिकडे चढ नाहीत म्हणे.

त्या वर्षीच्या, म्हणजे दोन हजार आठच्या, वसंतात चौथ्या पुलाच्या कमानीला तडा गेला आणि सरकारनं पूल बंद केला. तिसऱ्या पुलापासून म्हणजे लाकापेलपासून नदीकाठानं पुढे जायचा रस्ता त्यामुळे आंधळा झाला. मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी नकाशा पसरला आणि सगळ्यांची बोटं एकाच जागी जाऊन थांबली.

"मग राहिला तो कोंबनेग्रचा डोंगररस्ता," अध्यक्ष म्हणाला. "ओनोरे, पहिल्या वर्षी फेरी तिकडूनच जायची ना?"

"जायची."

"मग सोडला का तो रस्ता?"

"डांबर वाईट होतं," ओनोरे म्हणाला.

डांबराला काही झालं नव्हतं. तीन आठवडे तो बघतो, बघतो म्हणत राहिला. शेवटी नियम आडवा आला. रस्ता छापायचा तर आधी स्वतः जाऊन यायला हवं. मे महिन्यातल्या एका गुरुवारी त्यानं सायकल काढली, हँडलवरच्या पिशवीत नकाशा आणि एक कोरं कार्ड घातलं आणि निघाला.

लाकापेलच्या बेकरीत त्यानं शिक्का घेतला तेव्हा बरोबर नऊ वाजले होते. पूल ओलांडला, आणि उजवीकडच्या मळलेल्या रस्त्याला न लागता एकोणतीस वर्षांनी तो डावीकडे वळला.

कोंबनेग्रचा चढ असा आहे की तो सुरुवातीला माणसाला फसवतो. पहिले दोन किलोमीटर झाडांच्या सावलीत आरामात जातात, ओढ्याचं पाणी शेजारून बोलत असतं, माणसाला वाटतं, एवढंच होय? मग एक दगडी क्रूस लागतो आणि तिथून रस्ता जो अंगावर येतो, तो वरपर्यंत. त्यात मध्येच एकदा सगळी कमाई घालवून तो पुन्हा ओढ्यात उतरतो आणि दुसऱ्यांदा चढायला लावतो. एकवीस किलोमीटर. ओनोरेनं ऐन उमेदीत हा टप्पा एक तास वीस मिनिटांत काढला होता आणि मंडळात दुसऱ्या कुणाला ते जमलं नव्हतं. म्हणून तर एका जुन्या कार्डावरचा पंचेचाळीस मिनिटं हा आकडा त्याच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला होता.

क्रूसापाशी त्यानं सगळ्यांत हलका गिअर घातला. गुडघे कुरकुरले. आणि जे येऊ नये म्हणून तो एवढी वर्षं उजवीकडे वळत होता, ते आलंच. लुसियाँ.

लुसियाँ त्याचा धाकटा भाऊ, आठ वर्षांनी लहान. जन्मापासून दमेकरी. रात्र रात्र आई त्याला उशाला टेकवून बसवायची आणि ओनोरे पलीकडच्या खाटेवरून त्याच्या छातीची शिट्टी ऐकायचा. सायकल त्याला ओनोरेनंच शिकवली, मागून सीट धरून, अंगणातल्या अंगणात. वळणापाशी ओनोरे हटकून ओरडायचा, "पुरे, उतर, धाप लागेल!" धाप लागलेली असो नसो. मोठ्या भावाचं प्रेम असंच असतं, त्यात काळजी किती आणि 'तुला नाही जमायचं' किती, हे तोलून बघायची वेळ कुणावर येत नाही. ओनोरेवर आली.

एकोणऐंशीच्या जून महिन्यात, चौतिसाव्या वर्षी, लुसियाँ कुणाला न सांगता एका रविवारी एकटाच सात पुलांची फेरी करून आला. सोमवारी त्यानं कार्ड आणून टपाल कचेरीच्या खिडकीतून आत सरकवलं आणि नुसता हसत उभा राहिला. ओनोरेनं चष्मा नाकावर आणला. लाकापेल, नऊ चाळीस. कोंबनेग्र, दहा पंचवीस. पंचेचाळीस मिनिटं! आणि पुढचा मोंतरिएलचा शिक्का थेट बारा पन्नासचा. मधला रस्ता सगळा उताराचा आणि त्याला सव्वादोन तासांहून जास्त? ओनोरेच्या टपाली डोक्यात हिशेब लगेच जुळला. कुणाच्या तरी गाडीत सायकल टाकून हा वर गेला, आणि मग संशय येऊ नये म्हणून दुकानात वेळ काढत बसला. चढायची ताकद नाही, पण बिल्ला तर हवा.

त्या क्षणी एकच करायचं होतं. खिडकीतून मान बाहेर काढून विचारायचं, "लुसियाँ, हे काय रे?" ते त्यानं केलं नाही. "जानेवारीत बघू," म्हणाला आणि कार्ड खणात ठेवलं. सात महिने ते खणात राहिलं. सात महिने! त्या काळात दोघं दर रविवारी आईकडे एका टेबलावर जेवत होते.

जानेवारीच्या जेवणाला चाळीस माणसं होती. ओनोरेनं एकेक नाव वाचलं, बिल्ले दिले, आणि अकराव्या कार्डाशी थांबला. उभा राहून म्हणाला, "या वेळात कोंबनेग्र चढणारा माणूस अजून जन्माला यायचाय. कार्ड नामंजूर. नियम सगळ्यांना सारखा, मग तो सख्खा भाऊ का असेना." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या, आणि ओनोरेला त्या गोडही लागल्या. टाळ्या थांबल्यावर लुसियाँ उठला. काही ओरडला नाही.

"पायडल मीच मारलं," एवढंच म्हणाला.

"कार्ड वेगळं सांगतंय," ओनोरे म्हणाला.

लुसियाँनं कोट घेतला आणि गेला. त्या उन्हाळ्यात त्यानं सायकल विकली आणि मियो शहरात हातमोज्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही म्हणतात. ते पाण्याचं. आईच्या मातीला दोघं शेजारी उभे राहिले आणि पाऊस येईलसं वाटतंय का, यावर चार वाक्यं बोलले. त्यानंतर नाताळला एकेक पत्र, तेही तब्येत बरी आहे, तुझी कशी, इतकंच.

आणि कोंबनेग्रचं काय? ज्या दुकानात गाडीतून आलेल्यालाही शिक्का मिळतो ते दुकान ओनोरेला फेरीत नको होतं. त्यानं कुणाला दोष दिला नाही, कुणाला पत्र लिहिलं नाही. नुसती पेन्सिल उचलली आणि पुढच्या वर्षीच्या कार्डावर रस्ता नदीकाठानं नेला.

आता तो वर पोचला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन तास दहा. शर्ट पाठीला चिकटला होता. कोंबनेग्र म्हणजे नऊ घरं, एक कुंड आणि एक भलं जुनं चेस्टनटचं झाड. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उडाली होती, खिडक्यांची लाकडी दारं लावलेली होती, पण मधलं दार उघडं होतं आणि उंबऱ्यावर बसून एक म्हातारी वाटाणे सोलत होती. पंचाहत्तरीची असेल. तिनं डोळे बारीक करून बघितलं.

"काझालसाहेब," ती म्हणाली. "वाट चुकलात?"

इरेन होती ती, दुकानाची मालकीण. ओनोरेला वाटलं होतं ती कधीच गेली असेल. खरं सांगायचं तर तशी त्याची थोडी आशाच होती.

"नाही, इरेनबाई. चौथा पूल बंद झालाय. फेरी इकडून न्यावी लागणार."

"लागणार! म्हणजे पूल पडला म्हणून आमची आठवण. पडायला हवा होता आधीच." तिनं वाटाण्यांचं पातेलं बाजूला ठेवलं. "बसा. धाप लागलीय तुम्हाला. आत या, पाणी देते."

आत अजून काउंटर होता, चार टेबलं होती, त्यांवर मेणकापड होतं. तिनं पाणी दिलं, न विचारता राय धान्याचा पाव आणि चीजचा तुकडा समोर ठेवला, आणि स्वतः समोर बसून त्याला खाताना बघत राहिली.

"पहिल्या वर्षी साठ सायकलवाले आले होते," ती म्हणाली. "मी नवीन कप आणले. सहा डझन. दुसऱ्या वर्षी एक आला, तो वाट चुकलेला. त्याला विचारलं, बाबा, बाकीचे कुठायत? तर त्यानं कार्ड दाखवलं. रस्ता खालून. म्हटलं, बरंय. तुम्ही पेन्सिल फिरवलीत आणि माझं दार रेघेच्या बाहेर राहिलं. दोन ओळी लिहायच्या होत्यात हो. टपालात होतात, तिकीटसुद्धा लागलं नसतं!"

डांबराचं कारण ओनोरे काही या बाईला सांगू शकत नव्हता, ती रोज त्याच डांबरावरून चालत होती. त्यानं पिशवीतून कार्ड काढलं.

"शिक्का आहे का अजून?"

"शिक्का आहे, शाई वाळली असेल." तिनं खण धुंडाळून शिक्का काढला, पॅडवर थोडं पाणी शिंपडलं आणि दोन्ही हातांनी दाबून तो कार्डावर मारला. फिकट निळा उठला. मग तिनं मान वर करून भिंतीकडे बघितलं आणि शेजारी वेळ लिहिली.

ओनोरेनं कार्ड हातात घेतलं आणि मोठ्यानं हसला.

"इरेनबाई, दहा दहा? अहो, अकरा दहा झालेत. या कार्डानं तर मी पंचविशीतल्या पोरांच्या वर झालो. एक तास दहा मिनिटांत कोंबनेग्र!"

"हो का? मग माझी चूक." तिनं भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे हनुवटी केली. "आमच्या आबांचं, वडिलांचं घड्याळ ते. एक तास मिळवायचा राहिला. डॉक्टर यायचा असला, बस धरायची असली की मिळवते मी. एरवी कोण येतंय."

"मागे पडतं का?"

"पडत नाही हो. आबांनी ते हलवूच दिलं नाही. सरकारनं उन्हाळ्याची वेळ एक तास पुढे केली ना, शहात्तर सालची गोष्ट, तेव्हा म्हणाले, गायींना सरकारी फर्मान वाचता येत नाही. सूर्य काय पॅरिसला विचारून उगवतो का? मरेपर्यंत जुन्या वेळेनं जगले. हिवाळ्यात त्यांचं आणि जगाचं जमायचं, मार्च संपला की पुन्हा भांडण."

ओनोरेचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्यात आता काही नव्हतं. तो घड्याळाकडे बघत होता. लंबक आपला शांतपणे इकडून तिकडे जात होता.

"साठ कार्डं झाली तुमच्याकडे," तो हळू म्हणाला. "बाकीच्यांच्या वेळा बरोबर होत्या."

"त्या मी लिहिल्या. माझ्या हाताला घड्याळ होतं."

"नेहमी तुम्हीच?"

"नेहमी मीच. एक रविवार सोडून. जूनमध्ये रोदेझला मामेबहिणीच्या मुलाचा बाप्तिस्मा होता, तेव्हा दुकान आबांवर टाकून गेले होते." ती थांबली, आठवून हसली. "त्या दिवशी एक आला होता म्हणे. संध्याकाळी आबा सांगत बसले. एक काटकुळा माणूस आला, छाती किटलीसारखी शिट्टी घालतेय, सायकल भिंतीला टेकवताना हात थरथरतायत. आबा घाबरले, म्हटलं हा मरतो इथंच. त्यांनी त्याला तीन अंड्यांचं ऑम्लेट करून घातलं. खाल्लं, आणि त्या तिथं बाकावर अर्धा तास झोपला. उठला तर चेहरा असा, म्हणाले, जसं काही पोराला पहिलं बक्षीस मिळालंय. आबांना फार आवडला तो. पुढे कितीदा विचारायचे, तो किटलीवाला परत येईल का गं?"

ओनोरेनं कार्ड टेबलावर ठेवलं. दहा पंचवीस. अकरा पंचवीस. एक तास पंचेचाळीस मिनिटं. दमेकऱ्याला शोभेल असा वेळ, चार ठिकाणी थांबून, क्रूसाला टेकून, पण हार न मानता काढलेला वेळ. मग ऑम्लेट, मग झोप, मग उतारानं मोंतरिएल, बारा पन्नास. सगळं मिनिटाला मिनिट जुळत होतं. इतकं साधं होतं ते.

"तो माझा भाऊ होता," तो म्हणाला.

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. खण, सात महिने, जेवण, टाळ्या. त्याचं सांगून झालं तेव्हा इरेन मेणकापडावरचा चुरा बोटानं गोळा करत होती.

"आबा चौऱ्याऐंशीपर्यंत होते," ती म्हणाली. "पाच वर्षं. तुम्ही कधीही येऊन विचारलं असतंत तर सांगितलं असतं त्यांनी. रस्ता काय बंद होता का?"

ओनोरे टेबलावर डोकं ठेवून रडला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, सायकलची चड्डी घातलेला, परक्या बाईच्या मेणकापडावर. इरेननं त्याला रडू दिलं आणि उठून कॉफी टाकली. कप त्या सहा डझनांतलाच होता.

निघताना तो म्हणाला, "नव्या कार्डावर तुमचं दुकान घालतो."

"आता? दुकानाचं लायसन गेलं, गुडघे गेले. वरातीमागून घोडं तुमचं." मग तिनं शिक्का फडक्यात गुंडाळला, पण खणात नाही, काउंटरवर ठेवला. "शिक्का मारेन. कॉफी जमली तर जमली. जा तुम्ही आता. ज्याला जाऊन सांगायचं तो इथं नाही राहत."

घरी आल्यावर ओनोरेनं माळ्यावरून मंडळाची खोकी उतरवली. एकोणऐंशीच्या गठ्ठ्यात सगळ्यांत खाली ते कार्ड होतं. त्यावर लाल पेन्सिलीची तिरकी रेघ, त्याच्याच हातची. खाली थरथरत्या म्हाताऱ्या अक्षरात दहा पंचवीस. लाल रेघ त्यानं खोडरबरानं घासली, पण जुनी पेन्सिल जात नाही, कागद मात्र फाटायला आला. ती तशीच ठेवून त्यानं खाली 'मंजूर' लिहिलं, सही केली, आणि क्रमांकाच्या रकान्याशी अडला. अकरा हा आकडा त्यानं तेव्हाच रोदेझच्या एका दातांच्या डॉक्टराला देऊन टाकला होता. रकाना मोकळा राहिलेला त्याला चालत नसे ना. वही उघडून त्यानं पुढचा आकडा बघितला आणि तो घातला. एक हजार तीनशे शहाऐंशी.

शनिवारी तो गाडीनं मियोला गेला. खिशात दोन कार्डं होती, त्याचं आणि भावाचं, आणि एक बिल्ला. वाटेत काय बोलायचं ते त्यानं चार प्रकारे जुळवलं आणि चारही विसरला.

लुसियाँ तिसऱ्या मजल्यावर एकटाच राहत होता. दार उघडंच होतं. खिडकीशी खुर्चीत बसला होता, त्रेसष्टीचा असून ओनोरेपेक्षा म्हातारा दिसत होता, आणि नाकात प्राणवायूची बारीक नळी होती. शेजारचं यंत्र दर थोड्या वेळानं सुस्कारा टाकायचं.

"ये," तो म्हणाला. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. तुझ्याकडे आलोय."

"बापरे."

ओनोरेनं कार्ड त्याच्या मांडीवर ठेवलं, वर बिल्ला ठेवला. लुसियाँनं चष्मा शोधला. कार्ड उलटसुलट केलं. लाल रेघेवरून अंगठा फिरवला.

"तेराशे शहाऐंशी," तो म्हणाला. "अकरावा होतो मी."

"अकरा दिला गेला."

"दिलाच असशील."

"लुसियाँ, त्या म्हाताऱ्याचं घड्याळ जुन्या वेळेवर होतं. एक तास मागे. मी परवा वर गेलो तेव्हा कळलं. तू पावणेदोन तासांत चढलास. तू खरंच... मी चुकलो. फार मोठं चुकलो रे."

"माहितीय मला," लुसियाँ म्हणाला.

"काय माहितीय?"

"घड्याळाचं. तू जेवणात ते वाचून दाखवलंस ना, तेव्हा मला काही कळेना. रात्रभर डोकं खाजवलं. मग त्या वर्षी जूनमध्ये, मियोला यायच्या आधी, बसनं गेलो कोंबनेग्रला. बस घाटाखाली सोडते, वरचं चालत गेलो. म्हातारा अंगणातच होता, बाई शेतावर गेली होती. भिंतीवर बघितलं, मनगटावर बघितलं. झालं." यंत्रानं सुस्कारा टाकला. "म्हाताऱ्यानं पुन्हा ऑम्लेट घातलं मला. चांगला माणूस. पोरीला सांगू नका म्हटलं, तर कुणाला बोलला नाही."

ओनोरे बाजूच्या स्टुलावर बसला.

"मग बोलला का नाहीस? एक पत्र टाकलं असतंस! एवढी वर्षं... एका वाक्याचं काम होतं."

"बोललो होतो की. चाळीस माणसांसमोर. पायडल मीच मारलं म्हणालो." लुसियाँचा आवाज चढला नाही, चढण्याइतका वाराच त्याच्या छातीत नव्हता. "त्याच्यापुढे घड्याळ कशाला आणायचं मी? तू मला सीट धरून शिकवलंस. माझं एक वाक्य तुला पुरतं का, एवढंच मला बघायचं होतं. नाही पुरलं. मग पुरावा देऊन काय करू? तेव्हा तू शिक्क्याचं ऐकलंस. आज घड्याळाचं ऐकलंस. माझं कधी ऐकलंस?"

खाली रस्त्यावर बाजार उठत होता, कुणीतरी फळ्या आपटत होतं. ओनोरेजवळ जे होतं ते सगळं लुसियाँच्या मांडीवर ठेवून झालं होतं, आणि ते तेराशे शहाऐंशी क्रमांकाचं होतं.

लुसियाँनं ओनोरेच्या शर्टाच्या खिशाकडे बोट केलं.

"ते दुसरं कुणाचं?"

"माझं. परवाचं."

"दे बघू."

ओनोरेनं दिलं. लुसियाँनं ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या, तसल्याच, जशा ओनोरेच्या जायच्या.

"लाकापेल, नऊ. कोंबनेग्र, दहा दहा. एक तास दहा मिनिटं. एकाहत्तराव्या वर्षी." त्यानं कार्ड खाली केलं. "या वेळात कोंबनेग्र चढणारा माणूस अजून जन्माला यायचाय. कुणाच्या गाडीतनं गेलास?"

ओनोरे घड्याळाचं सांगणार होता. शब्द जिभेवर आलेही होते. ते त्यानं गिळले.

"पायडल मीच मारलं," तो म्हणाला.

लुसियाँनं त्याच्याकडे बघितलं. यंत्र एकदा सुस्कारलं, दुसऱ्यांदा सुस्कारलं. मग त्यानं कार्ड घडी न घालता परत केलं.

"मग झालं तर," तो म्हणाला. "चढलाच असशील."